तिसरा रकाना

कळमेश्वरचं घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून जे काही खाली आलं, त्यात एक दोनशेपानी वही होती. पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला, आतली पानं चहाच्या रंगाची. पहिल्या पानावर माझंच अक्षर : शब्दार्थ, इयत्ता आठवी. आत प्रत्येक पानावर लाल रिफिलने आखलेल्या दोन उभ्या रेघा आणि त्यांनी पाडलेले तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचा देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात अर्थ. सुट्टीच्या एका दुपारी मी शेवटच्या पानापर्यंत रेघा मारून ठेवल्या होत्या. तेवढे शब्द आपल्याला येणारच, अशा खात्रीने.

रोज दहा शब्द, असा सरांचा नियम. सर शब्द म्हणायचे, आपण उठून अर्थ सांगायचा. आठवला नाही तर "नाही आला, सर" एवढं म्हणायचं आणि आपल्या पायांनी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभं राहायचं. मार नाही, बोलणं नाही. कडुनिंबाची सावली बरी असे आणि तिथून रेल्वे ऐकू येई, त्यामुळे काही पोट्ट्यांना शब्द मुद्दामच येत नसत. नागपूरहून इटारसीकडे जाणारी जीटी आमच्या स्टेशनावर न थांबता धडधडत निघून गेली की तिकडे तोंड करून उभ्या असलेल्यांना आणखी पाच मिनिटांची करमणूक होई.

आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं. पाचवीत पहिल्याच आठवड्यात ओ फॉर ऑरेंज आला. पुस्तकात चित्र होतं : गोल, गुळगुळीत, घट्ट सालीचं फळ, वर एकच पान. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी बागा. आंबिया बहार कधी, मृग कधी, ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा, हे त्यांना पाढ्यांच्या आधी येत होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "हा संत्रा नोहे सर, मोसंबी हाय." सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "पुस्तकातला संत्रा असाच असते."

तो मुलगा बरोबर होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. इंग्रज ज्या फळाला सहसा ऑरेंज म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या खात्यावर मोसंबीच्या जातीचं आहे. ढिल्या सालीचा, खांद्याशी जरा उंच, सोलताना बोटं पिवळी करणारा आमचा संत्रा पडतो मँडरिनच्या कुळात. म्हणजे आमच्या इंग्रजीची सुरुवातच एका चुकीच्या अर्थाने झाली आणि ती चूक फक्त मागच्या बाकाला दिसली.

ऑरेंज हा शब्द मात्र परका नाही. संस्कृतातला नारंग (तोही बहुधा दक्षिणेकडून आलेला) फारसीत गेला, तिथून अरबीत नारंज झाला, अरबांबरोबर स्पेनला पोचला. पुढे इटालियन आणि फ्रेंचांच्या तोंडी पहिला न गळून पडला आणि उरलेला शब्द इंग्लंडात उतरला. फळ पोचेपर्यंत त्या लोकांकडे या रंगालाही वेगळं नाव नव्हतं. छाती नारिंगी असलेल्या त्यांच्या रॉबिन पक्ष्याला ते अजून लाल छातीचाच म्हणतात. इतका लांबचा फेरा मारून, मधे एक अक्षर हरवून, तो शब्द कळमेश्वरला परत आला तर आम्ही त्याला ओळखलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आपणच पाणी विचारावं आणि तो आपला सख्खा चुलता निघावा, तसं.

अशी घरची माणसं पुढेही भेटत गेली. मंगूस हा इंग्रजी शब्द मराठी मुंगसावरून गेला, असं इंग्रजांचे कोशच सांगतात. तरी त्याचं अनेकवचन मंगीस की मंगूसेस, यावर मी एक गुण घालवलेला आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन् महिने पडून असत. कंटाळ्याने डोकं फिरलेल्याला त्यांनी नाव दिलं 'डूलाली टॅप'. यातला पहिला शब्द देवळाली आणि दुसरा आपला साधा ताप. इंग्लंडात आजही वेड लागलेल्याला डूलाली म्हणतात.

आठवीच्या पानांवर मात्र वेगळीच गंमत आहे. हाउएव्हर : तथापि. चार पानं पुढे नेव्हरदलेस : तथापि. नववीच्या सुमारास नॉटविथस्टँडिंग : तथापि. तीन शब्द, तीन स्पेलिंगं, नॉटविथस्टँडिंगचं तर एवढं लांबलचक की उच्चाराचा रकाना ओलांडून ते अर्थात घुसलंय. आणि अर्थ एकच. अडचण अशी की तथापि म्हणजे काय, तेच मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या कपाटात वीरकरांची डिक्शनरी होती आणि घरी आजोबांच्या वेळची, पाठीचा कणा मोडलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. दोन्हींत तथापि भेटे, पण तो आमच्या गल्लीत कधी फिरकला नव्हता. मी आजीला विचारलं, "आजी, तथापि म्हणजे काय?"

"थापी? थापी कायले पायजे तुले?" आजी म्हणाली. "ते पाय, कोठ्यात असन."

गोठ्यात खरंच गवंड्याची एक जुनी थापी होती. मी ती घेऊन परत आलो की नाही ते आठवत नाही. बाबा मात्र त्याच सुमारास रोज तथापि म्हणत होते, फक्त ते 'तरीबी' म्हणत. पाणी आलं नाही, तरीबी पऱ्हाटी लावू. भाव पडला, तरीबी तोडा तर करावाच लागन. शेतकऱ्याचं निम्मं बोलणं या एका अव्ययावर उभं असतं, आणि मी ते तीन स्पेलिंगांत घोकत होतो. तिसऱ्या रकान्यात 'तरीबी' लिहिलं असतं तर सरांनी लाल रेघ मारली असती. मराठी अर्थसुद्धा मराठीत चालत नसे, पुस्तकी मराठीत लागे.

ही पुस्तकी मराठी कुठून आली, तर बरीचशी या रकान्यातूनच आली. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याने आणि कँडीने मिळून केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. आमच्या वहीचा खरा पूर्वज हाच. इंग्रजी वाक्याला मराठीत जागा करून द्यायची म्हणजे त्याचे सांधेही आणायला हवेत. संस्कृतातून जुन्या पोथ्यांत उतरलेले तथापि, यद्यपि, किंबहुना अशा वेळी झाडून-पुसून कामाला लागले. पण त्याही आधी, १८१० साली, बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठीचा कोश छापला होता, मोडी टाइपात. त्याच्या हाताशी होते पंडित वैजनाथ शर्मा, आणि ते होते नागपूरचे. मला हे वाचून फार बरं वाटलं. मराठी-इंग्रजीची पहिली गाठ पडली तेव्हा साहेबाला शब्द सांगायला आमच्याकडचा माणूस बसला होता. त्याने एखादा 'तरीबी' आत घुसवला असेल का, अशी एक शंका मनात ठेवून मी पुढच्या पानावर जातो.

पुढची पानं घाईने उलटावीत अशी आहेत. मेडो : कुरण. हर्थ : चुलीजवळची जागा. स्नो : बर्फ. बर्फ म्हणजे भुशात गुंडाळून येणारी लादी, एवढंच माहीत असल्याने कवितेत तो आभाळातून पडतो हे वाचून मी त्या देशातल्या कौलांची काळजी केली होती. ब्रीझ : मंद, सुखद झुळूक. याच्या शेजारी घामाचा गोल डाग आहे, वाळलेला. मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी जे वाहतं त्याला झळ म्हणतात. इंग्रजी कवितेतला उन्हाळा हवाहवासा, पाहुण्यासारखा. समर : उन्हाळा, हा अर्थ अगदी अचूक आहे. आणि अगदी खोटा.

शब्द पाठ झाले, गुण मिळाले, मी नागपूरला जाऊन इंग्रजी घेऊन बीए झालो. पण त्या दिवसांत आमच्या घरात इंग्रजी आणलं ते मी नव्हे, मोठ्या बाबांच्या मुलाने, दादाने. तो दहावीला इंग्रजीतच अडकला होता. नंतर ठेकेदारामार्फत एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागला आणि महिन्याभरात त्याच्या तोंडी शिफ्ट, डूटी, गेटपास, सुपरवायझर असं काय काय येऊ लागलं. कारखान्यातून त्याला निळा जाडा अंगरखा मिळाला, सदरा-पँट एकच असलेला. त्याला तो डांगरी म्हणे. मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं कापड ते डोंगरी. इंग्रजांनी त्याचं डंगरी केलं, त्याचे कामगारांचे कपडे शिवले आणि शब्द जगभर नेला. तो परत येऊन दादाच्या अंगावर चढला होता. हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "असन. पण यात गर्मी लय होते."

एकदा तो डबा घेऊन निघताना म्हणाला, "आज उशीर होईल, ओटी आहे."

आजी देवघरातून उठून आली. "कोनाची ओटी? मले काहून नाही सांगितलं? खण तरी काढला असता."

ओटी म्हणजे ओव्हरटाइम, हे तिला समजावून सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे जास्तीचं काम केलं का ओटी भरतेत. बायकायची तर कोनी भरत नाही थ्याची." मी तेव्हा हसलो होतो. आता वहीत ओव्हरटाइम शोधून पाहिला तर तो नाही. परीक्षेला येत नसावा.

परमनंट मात्र आहे, नववीच्या पानांत. अर्थ : कायमचा, शाश्वत. शाश्वत हा शब्द कळमेश्वरात दोनच ठिकाणी ऐकू येई. एक म्हणजे कीर्तनात, आत्म्यासाठी. दुसऱ्या ठिकाणी त्याचं इंग्रजी रूप चाले आणि ते नोकरीला लागे. मुलगी पाहायला गेलं की तिच्या वडलांचा पहिला प्रश्न : पोरगा परमनंट आहे का? घराणं, शेती, शिक्षण सगळं त्याच्या मागून. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायची कुणाला गरजच पडली नाही, कारण ही वस्तूच इंग्रजीतून आली होती. काळ्या आईला कोण परमनंट म्हणणार? पाऊस तर नाहीच नाही.

दादा परमनंट होणार होता. एका वर्षात २४० दिवस काम भरलं की कायद्याच्या लेखी सेवा सलग धरली जाते, हे त्याला कोणी तरी सांगितलं होतं. ते ठेकेदारालाही कोणी तरी सांगितलेलं होतं. दोनशेच्या पुढे आकडा सरकू लागला की दादाला ब्रेक मिळे. ब्रेक : मोडणे, खंड, विश्रांती. माझ्या वहीत हे तिन्ही अर्थ एकाखाली एक आहेत, स्वच्छ अक्षरात, आणि शेवटच्या अर्थाखाली सरांची बरोबरची खूण. दादा महिना-दीड महिना घरी असे, बाबांबरोबर बागेत जाई, मग नवं कार्ड काढून पुन्हा एक दिवसापासून सुरुवात. त्याचं लग्न 'होणार आहे' या उत्तरावर झालं. काटोलकडच्या सासऱ्यांनी दर दिवाळीला विचारलं. पुढे त्यांनी विचारणं सोडलं आणि नंतर दादाने एमआयडीसी सोडली. आता त्याचा मुलगा त्याच रस्त्याने सकाळी जातो. अप्रेंटिस आहे, असं सांगतो. दादा त्यावर काही बोलत नाही, गाडीची किल्ली तेवढी शोधून देतो.

बाबा सातवी पास. इंग्रजीचा त्यांचा संबंध खताच्या पोत्यांपुरता. बागेतल्या चार-सहा झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळायला लागला, साल कुजू लागली, तेव्हा शेतकरी मेळाव्याला नागपूरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ आले होते. संध्याकाळी बाबा परतले, हातपाय धुतले, खाटेवर बसले आणि एखाद्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं म्हणाले, "फायटोफ्थोरा आहे."

मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला तो शब्द एका दमात म्हणता आला नाही. स्पेलिंग शोधायला गेलो तर पी, एच, टी, एच असे चार व्यंजनांचे दगड एका रांगेत. १८७६ साली द बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ग्रीकमधले दोन शब्द जोडून हे नाव ठेवलं : फायटॉन म्हणजे झाड, फ्थोरा म्हणजे नाश. मी बाबांना विचारलं, "फायटो म्हणजे काय, सांगितलं का त्यांनी?"

"मुळं खाते थो. बुडाशी पाणी साचलं का येते."

ग्रीक कोशापेक्षा हा अर्थ मला आजही जास्त पुरा वाटतो. त्यात रोग आहे, कारण आहे आणि उद्या सकाळचं काम आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुंध्यांभोवतीची आळी मोडून पाणी लांब काढून दिलं.

मग बोर्डो. पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत; मग एकत्र करताना लाकडाने ढवळत राहायचं. विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. जमलेलं मिश्रण आभाळाच्या फिक्या रंगाचं दिसतं. जुन्या कुंच्याने ते बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावलं की सगळी बाग गुडघ्यापर्यंत धोतर नेसून उभी राहिल्यासारखी दिसते. बोर्डो हे फ्रान्समधलं एक शहर आहे, हे बाबांना मीच सांगितलं. तिथल्या द्राक्षबागांत रस्त्याकडेच्या वेलींवर मालक मोरचूद आणि चुना शिंपत, पाने विषारी दिसावीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या १८८२ मध्ये ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते औषध म्हणून जाहीर केलं. बाबांना ही गोष्ट फार आवडली. मजुरीला आलेल्या बायकांना ती त्यांनी त्या दिवशी दोनदा सांगितली. "चोरासाठी केलं अन् रोगाले लागलं."

आणखी एक शब्द त्यांच्या-माझ्यात सामाईक निघाला. वहीत स्ट्रेस : ताण, जोर. दहावीच्या वर्षी घरात माझ्या टेन्शनची चर्चा होती आणि त्याच महिन्यात बाबा बागेला ताण देत होते. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. हे शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिता येईल असं वाटतं, म्हणूनच मला ते आवडत नाही. बाबांना तसं काही म्हणायचं नव्हतं. ताण आठ दिवस जास्त झाला तर झाड फांदीपासून वाळत येतं, हेही ते त्याच सुरात सांगत. आणि माझ्या ताटात भाकरी वाढायला लावत.

माझे शब्द वहीच्या मध्याच्या जरा पुढे संपतात. शेवटचा शब्द : झील. अर्थ : उत्साह, तळमळ. दहावीची परीक्षा झाली असणार. त्यापुढे लाल रेघा तशाच, कोऱ्या रकान्यांच्या. निदान मला तसं वाटलं होतं. पान उलटलं तर पेन्सिलीचं अक्षर, मोठं, उभट, शिरोरेघ न मारलेलं. बाबांचं.

वही वाया जाऊ नये म्हणून त्यांनी बागेचा हिशेब तिच्यात मांडला होता, किती तरी वर्षांचा. माझे रकाने त्यांनी मोडले नाहीत. पहिल्यात शब्द : बोर्डो. डीएपी. लेबर. पायपाची वायसर. टेम्पो भाडं. दुसऱ्या रकान्यात, जिथे मी उच्चार लिहायचो तिथे नग, किलो, दिवस. आणि तिसऱ्यात, प्रत्येक पानाच्या डोक्यावर मी आठवीत हौसेने लिहून ठेवलेल्या 'अर्थ' या शब्दाखाली, रुपये. कौटिल्याने ज्या अर्थाचं शास्त्र लिहिलं तोच हा अर्थ, हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं. रकाना दिसला, भरला.

मी फरशीवर बसून ती पानं वाचली. रंगारी डबा हलवत होता. लेबर, बायका ४, त्यापुढे आकडा. मोरचूद ३ किलो, आकडा. डाक्टर, बैलाचा, आकडा. एके ठिकाणी 'इंग्लिस पुस्तक, नागपूर' आणि त्यापुढे आकडा. तो लेबरच्या चार दिवसांपेक्षा मोठा होता. संत्र्याच्या प्लास्टिकच्या पेट्यांना आमच्याकडे सगळेच कॅरेट म्हणतात. इंग्रजी क्रेटचं ते झालेलं रूप, सोन्याशी त्याचा काही संबंध नाही. कॅरेट १८, आकडा. कॅरेट ४०, आकडा. एका पानाच्या तळाशी, मृगाच्या बहाराच्या वर्षी, कॅरेट ६२. दुसऱ्या रकान्यात गाडीचा नंबर. तिसरा रकाना रिकामा. त्यानंतर एकही ओळ नाही, नुसत्या लाल रेघा.

बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. मी वही नेऊन त्यांच्यापुढे धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वही हातभर लांब धरली, मग जवळ आणली, मग पुन्हा लांब.

"इथे काही लिहिलं नाही, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि परत माझ्या हातात दिली.

"त्याचा नाही आला," ते म्हणाले.